अडतीस दीपगृहरक्षक

"दहावीच्या अडतीस पोरांचं भवितव्य ना, एका दुपारीत मार्गी लावतो!" असं गोवर्धन गुरुजींनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या शर्टावर 'करिअर मित्र' असा बिल्ला होता. जव्हारला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते सकाळच्याच एसटीनं आश्रमशाळेत परतले होते. तिथं मिळालेली पिशवीसुद्धा अजून खांद्यावरच होती.

कलचाचणी मोबाईलवर. प्रश्न साठ. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर, आणि तिथं मावतो एकच माणूस! गुरुजी वर चढले आणि खाली उभ्या कान्हाला ओरडून विचारू लागले.

"तुला एकांत आवडतो का?"

"चारशे पोरांत कधी मिळालाय, सर? मिळाला की सांगतो!"

तिसऱ्या प्रश्नालाच गुरुजींचा घसा बसला. पोरं आपलीच, त्यांच्या मनातलं आपल्याला ठाऊक नाही होय? असं म्हणून त्यांनी अडतीसही चाचण्या स्वतःच भरल्या. अगदी मनापासून! तिथंच घोटाळा झाला.

शनिवारी पालकसभेत मुख्याध्यापिका कुसुमावतीबाई निकाल वाचू लागल्या. "कान्हा. योग्य व्यवसाय, दीपगृहरक्षक. माघी. दीपगृहरक्षक. पोश्या..." बाईंनी चष्मा पुसला. "दीपगृहरक्षक."

"म्हंजे काय?" माघीच्या बापानं, लहान्यानं विचारलं.

"समुद्रात बोटींना दिवा दाखवायचा."

"अडतीस जणांनी? एवढा अंधार हाय तिथं? आमच्या पाड्यावर तीन दिवस लाईट नाय, आधी तिथं दाखवा की!"

सभा खो खो हसली. माघी तेवढी हसली नाही. शाळेच्या मोटरचा फ्यूज उडाला की तार तीच बसवायची. तिला जव्हारच्या आयटीआयत वायरमनचं शिकायचं होतं. लहान्याचं म्हणणं एकच, कागदात तसं आलं तर पाठवीन, नाहीतर दिवाळीनंतर वीटभट्टीवर चल.

लहान्यानं कागदाची घडी घातली. "समुद्र नको, बाय. भट्टीच बरी."

"थांब लहान्या!" गुरुजी उठले. कानापर्यंत लाल झाले होते. "हा कल पोरांचा नाही. माझा आहे. सगळी उत्तरं मीच दिली."

बाईंनी शांतपणे पान उलटलं. "मागेही एक ओळ आहे. 'या व्यक्तीला गोंगाट सोसत नाही. शिक्षकी पेशा टाळावा.' नोकरी किती झाली हो तुमची?"

"एकतीस वर्षं."

माघीनं हळूच विचारलं, "गुरजी, तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं?"

"नाही गं."

सोमवारपासून एकेक पोर स्वतः टाकीवर चढलं. माघीच्या कागदावर 'विद्युत तंत्रज्ञ' उमटलं. लहान्यानं तो टोपीत जपून ठेवला. "जा, शिक. पण आपल्या घरचा लाईट पहिला!"

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे उतरल्यावर गुरुजी वर गेले. बिल्ला खिशात घातला आणि नुसते बसून राहिले. एकटे! इतकं बरं त्यांना एकतीस वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. खाली जेवणाच्या रांगेत चारशे पोरांचा एकच गलका उठला.

"गुरजी, वरून टॉर्च दाखवा! ताटं दिसंनात!"

गुरुजींनी निमूट मोबाईलची टॉर्च लावली.