कोरड्या जमिनीची पाहणी

जमिनीच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! आधी वनस्पतिशास्त्राची पदवी, मग कायद्याची, मग काही वर्षं पर्यावरण खात्यात नियमांचे मसुदे लिहायची नोकरी आणि आता स्वतःची वकिली. कुठे बांधता येतं, कुठलं झाड तोडता येत नाही, नदीपासून भिंत किती लांब हवी, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा. इतर वकील नवरा-बायकोची भांडणं सोडवतात, मी माणसं आणि ओढे यांच्यातली सोडवतो. ओढे वकीलपत्रावर सही करत नाहीत, त्यामुळे मी बहुतेक वेळा माणसांच्या बाजूनं असतो.

तर झालं असं. शहराच्या कडेला एक मोठा भूखंड होता. माझ्या पक्षकाराला, म्हणजे एका बिल्डरला, तिथे इमारती उभारायच्या होत्या. शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. म्हणाले, हे तळं आहे! मी म्हटलं, ही सरळसरळ जमीन आहे. उन्हाळ्यात मी स्वतः तिथे फिरलो होतो, लोखंडासारखी टणक! "साहेब," मी कोर्टात हात पसरून म्हटलं, "पावसाचं पाणी माझ्या गच्चीवरही साचतं. म्हणून गच्चीला कोणी सरोवर म्हणत नाही!"

न्यायाधीश हसले. पोट धरून हसले. आणि हसता हसता म्हणाले, "चला, एकदा जाऊनच बघू या."

पाहणी पावसाळ्यात ठरली. त्या सकाळी मी नवे चामडी बूट घालत होतो. बायको म्हणाली, "अरे, गमबूट घालून जा की."

"वेडी आहेस का? गमबूट घातले म्हणजे जमीन ओली आहे हे मीच कबूल केलं!"

"आणि चिखल लागला तर?"

"कायद्यानुसार तिथे चिखल नाहीच!"

तिनं गमबूट परत कपाटात ठेवले. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका कायद्याशी वाद घालत नाहीत.

भूखंडावर सगळे जमले. न्यायाधीश, त्यांचे लघुलेखक, पांढऱ्या पँटमधला बिल्डर आणि रहिवाशांच्या वकील. या बाईंना आम्ही सगळे तळेवाल्या ताई म्हणतो, कारण त्या तळ्यांशिवाय दुसऱ्या कुणाची केस घेत नाहीत. खात्यात त्या माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायच्या.

समोर छान हिरवं गवत पसरलं होतं. पलीकडे पाणकणसाची दाट रांग वाऱ्यावर डुलत होती. पाणकणीस पायाशी पाणी असल्याशिवाय उगवत नाही, हे वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण त्या क्षणी माझ्यातला वकील इतक्या जोरात बोलत होता की आतल्या विद्यार्थ्याचा आवाजच ऐकू आला नाही.

"साहेब, मी आता बोलत नाही, चालून दाखवतो!" असं म्हणून मी ताठ मानेनं निघालो.

"अहो, थांबा!" ताई ओरडल्या.

"साहेब, नोंद घ्या! यांना पाहणीच नको आहे!"

"पुढे जाऊ नका हो!"

"बघा! आता मनाई हुकूमही मागताहेत!"

एवढं बोललो आणि उजवा पाय खाली गेला. नुसता खाली नाही, जिना उतरावा तसा! त्याला काढायला डावा पाय रोवला, तर तोही भावाच्या मदतीला आत!

"काय झालं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काही नाही साहेब. जमीन इथे जरा... मायाळू आहे."

न्यायाधीश लघुलेखकांना म्हणाले, "लिहून घ्या. वकीलसाहेब कमरेपर्यंत आत."

"गुडघ्यापर्यंत, साहेब! नोंद अचूक हवी!"

लघुलेखकांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, कमरेपर्यंतच राहू दे का?"

बिल्डर काठावर येरझाऱ्या घालत होता. "हसा हो!" तो दबक्या आवाजात मला म्हणाला. "मुद्दाम केल्यासारखं दाखवा!"

"हलू नका!" ताईंनी दम भरला. "फळी आणायला पाठवलंय."

मी हललो नाही. हलणार कसा?

फळी यायला वेळ लागला. लोक बोलून बोलून गप्प झाले, आणि मग मला पाणी ऐकू आलं. मुळांमधून अगदी हळू सरकणारं. इतकी वर्षं मी जमिनीकडे वरून पाहत आलो होतो, नकाशातून. आज माझी नजर गवताच्या उंचीला आली होती. आणि अगदी समोर, पाणकणसाच्या बुंध्याशी, एक पाणकोंबडी घरट्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती उडाली नाही, पण तिच्या मानेखाली काळीज उडताना मला दिसत होतं. माझंही तसंच उडत होतं.

तेवढ्यात फळी आली. माणसं ती घेऊन नेमकी घरट्याच्याच बाजूनं निघाली.

"तिकडून नको!" मी किंचाळलो. "दुसऱ्या बाजूनं या!"

"का? काय आहे तिकडे?" न्यायाधीशांनी विचारलं.

बिल्डर माझ्याकडे बघून जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागला. मी चिखलात होतो, कोर्ट काठावर होतं. पण कोर्ट कोर्टच असतं, त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर, तेव्हा मला खोटं बोलावंसंही वाटेना.

"घरटं आहे, साहेब. अंडी असावीत."

"तुम्ही वकील कुणाचे?" बिल्डर ओरडला.

मी घरट्याला वळसा घालून येणाऱ्या फळीकडे दोन्ही हात पसरले.

मला बाहेर काढलं. बूट आतच राहिले. ताईंनी स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "खात्यात असताना तुम्ही असेच होतात." स्तुती की टोमणा, विचारायचं धैर्य झालं नाही.

निकाल लागला. खोलगट भाग तळं म्हणून राखून ठेवायचा, वरच्या उंचवट्यावर बांधकाम करायचं. बिल्डरनं मला तडकाफडकी काढून टाकलं, आणि पुढच्याच महिन्यात 'तळ्याकाठची घरं' अशी झकास जाहिरात दिली!

मी मात्र मनातून खूश होतो. वाटलं, आता आपली खरी वकिली सुरू झाली. आणि खरंच, दुसऱ्या एका तळ्याची बाजू घेऊन काही मंडळी माझ्या ऑफिसात आली. त्यांच्यातल्या आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "वकीलसाहेब, तुमचं वजन किती आहे?"

मी खुर्चीत मागे रेललो. "तसं बऱ्यापैकी आहे, आजोबा. कोर्टात लोक मानतात मला."

"तसं नव्हे हो! काट्यावरचं विचारतोय." आजोबा पुढे झुकले. "युक्तिवाद ताई करणारच आहेत. पण आमच्या तळ्यावरचा सुकलेल्या मातीचा थर जरा जाड आहे. तुम्ही जाल ना आत?"

मी वजन सांगितलं. चार किलो वाढवूनच सांगितलं. हातची केस कोण सोडतो?