एकही दावा न हरलेलं केंद्र

न्याय मिळणं ही तुलनेने क्षुल्लक बाब असून न्याय कसा मागावा हे शिकणं हीच समाजाची खरी प्रगती होय, याबाबत विद्यापीठांमध्ये एकमत आहे. (ज्यांना न्याय हवा असतो त्यांचं मत अद्याप मागवण्यात आलेलं नाही.)

किहीमच्या अंगाला एका विद्यापीठाने गोरगरिबांसाठी उघडलेलं मोफत विधी साहाय्य केंद्र याच तत्त्वावर उभं आहे. केंद्रप्रमुख प्रा. रामचंद्र घरत हे कीर्तनाचे नादी. पूर्वरंग मनसोक्त रंगला पाहिजे, कथा काय, होईल तेव्हा होईल, असा श्रोता म्हणून त्यांचा आग्रह असे. केंद्रातही त्यांनी तोच लावून धरला. तीन वर्षांत शिबिरं एक्केचाळीस, लाभार्थी तीन हजार आठशे (वडापाव दोनदा घेणारे दोनदा मोजले आहेत), हरलेले दावे शून्य. दाखल केलेले दावेही तितकेच.

अशा या केंद्रात नीराबाई आली. तिच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची जुनी पायवाट एका बंगलेवाल्याने लोखंडी फाटक लावून बंद केली होती. नवरा रावजी लकव्याने एका अंगाने पडलेला. त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून शेजारच्या ओहोळातून काढावं लागे, आणि तेही ओहोटी असेल तर. (दवाखान्याच्या आणि समुद्राच्या वेळांत समन्वय साधण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.)

अशी अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावावा लागतो. घरत सर म्हणाले, “सहा महिने? मग काय, भरपूर झाले!”

पहिले दोन महिने ‘पक्षकाराशी संवाद’ या विषयाला गेले. बारा विद्यार्थी, प्रत्येकी वीस गुण. बाराही जणांनी नीराबाईला वेगवेगळं बसवून विचारलं की तिला नेमका काय त्रास होतो. डोळ्यांत पाणी आल्यास दोन गुण जादा होते. कोणाच्या डोळ्यांत, हे परिपत्रकात स्पष्ट नव्हतं. पुढचे दोन महिने परीक्षा आणि निकालात सरले. मग नवी तुकडी आली, आणि समान संधीच्या तत्त्वानुसार नीराबाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“आधी नाव इचार,” ती भांबावलेल्या निकेशला सांगू लागली. “मंग फाटक कवा लावलं ते इचार. आनि मान हलव रं बाबा, मान हलवायचं गुन हायत.”

याच तुकडीतली पूनम एक दिवस सरांकडे आली.

“सर, दावा लिहून टाकू?”

“अगं, दाव्याचा मसुदा चौथ्या सत्रात आहे.”

“पण मुदत परवा संपतेय, सर.”

“मुदत अभ्यासक्रमात नाही,” सर मायेने म्हणाले.

पूनमने त्याच दुपारी दावा लिहिला, नीराबाईने सही केली, आणि दोघी एसटीने अलिबागला जाऊन पोच घेऊन आल्या. अभ्यासक्रमाच्या पुढे धावल्याबद्दल पूनमचे दहा गुण कापण्यात आले. वार्षिक अहवालात मात्र ‘केंद्राच्या पुढाकाराने’ हे शब्द प्रथमच छापून आले.

पाहणीला मंडळ अधिकारी आले. फाटक लागायच्या आधी इथे वाट होती आणि आपण तिच्यावरून चाललो आहोत, एवढ्यावर त्यांना दोन माणसांच्या सह्या हव्या होत्या. अख्खी वाडी जमली होती. अन्यायाविरुद्ध आवाज उठवण्याची शपथ यातल्या प्रत्येकाने शिबिरात हात पुढे करून घेतलेली. पण परेश त्या बंगल्यात माळी होता, दिपेशची रिक्षा तिथल्या पाहुण्यांवर चालत होती, कोकिळाच्या तांदळाच्या भाकऱ्या तिथेच जात होत्या, आणि बाकीच्यांना पुढेमागे काही मिळण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. सर्वांनी एकमताने हळहळ व्यक्त केली. पूनमने सही केली असती, पण ती माणगावची. फाटकाआधी इकडे आलीच नव्हती.

नीराबाई सरांकडे वळली. “सर, तुमी तर दरसाल सप्त्याला याच वाटंनी देवलात येत व्हता. यांचा मिरदंग ऐकायला. चप्पल तुटली तुमची, तवा यांनीच तार बांधून दिली न्हाय का?”

खुर्चीतल्या रावजीची चांगल्या हाताची बोटं गुडघ्यावर हलली.

“काय सर, चाललात ना या वाटेने?” अधिकाऱ्यांनी पेन पुढे केलं.

सरांच्या कानात मृदंग घुमला. मग त्यांनी विचार केला. साक्ष दिली की बाजू घेतली. बाजू घेतली की हरण्याची शक्यता आली. आणि हरू शकणारं केंद्र गरिबांच्या माथी मारणं म्हणजे त्यांची निव्वळ फसवणूक.

“वाट होती असं ऐकिवात आहे,” ते हळुवारपणे म्हणाले. “मी चाललो का, ते नेमकं आठवत नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आपल्याला सरांचा राग आला असेल. रास्तच आहे. अधिकारी येत्या गुरुवारी अकरा वाजता पुन्हा येणार आहेत. सही करणारा वाडीतलाच हवा असं नाही. त्या वाटेने एकदा गेलेला कोणीही चालतो. म्हणजे आपणसुद्धा. मागे समुद्र बघायला किहीमला आला होतात, उन्हात मुलं रडायला लागली, तेव्हा गाडीकडे जायची जवळची वाट विचारलीत, ती हीच. एका बाईने मुलांना शहाळी फोडून दिली आणि रस्त्यापर्यंत सोडायला आली.

नेमकं आठवत नाही, नाही का? असू द्या. गुरुवार तसा कामाचाच वार.