गिटारच्या पोटात तीन बोटं

सकाळी दहा वाजता गिटारच्या पोटात काहीतरी किरकिरलं. संध्याकाळी सहाला कार्यक्रम होता. सोळा वर्षं गायकांच्या मागे बसून वाजवणाऱ्या गिटारवादकाला पहिल्यांदाच एकट्याला मंच मिळाला होता. दुसरी गिटार मागून आणता आली असती. बायकोने तसं सुचवताच त्याने विचारलं, "उद्या नवराही मागून आणशील?"

तिने त्यावर खरंच विचार केला.

आतल्या आधाराच्या काडीचा सांधा सुटला होता. गिटार दुरुस्त करणारा नेमका गावाला गेलेला. मग त्याने स्वतःच तारा सैल केल्या, सांध्यात झटपट चिकटणारा गोंद सोडला, उजवा हात भोकातून आत घातला आणि तीन बोटांनी काडी दाबून धरली. दोन मिनिटांत काडी पक्की चिकटली. बोटंही.

"अगं, जरा इकडे ये."

"भांडी घासतेय."

"घासून झाली की ये. मी कुठे जात नाही."

तळमजल्यावरच्या दवाखान्यात रांग होती. एका आजींनी जागा करून दिली. "बस बाबा. दोघांनाही दाखवायचंय का?"

डॉक्टरांनी भोकात टॉर्च मारला. "हे लाकडाचं काम आहे. सुताराला दाखवा."

सुतारकाका शेजारीच राहायचे. ते बारीक करवत घेऊनच आले. "चार बोटं कापलं की झालं."

"कुणाची?"

"अरे, लाकूड! भोक जरा मोठं करतो."

"तिला हात लावाल तर याद राखा. त्यापेक्षा माझी बोटं कापा!"

"आणि मग वाजवणार कशाने? नाकाने?"

तीन वाजले. सुतारकाका करवत मांडीवर ठेवून चहा प्यायले. बायको कपाटातून नखांचा रंग काढायचं औषध घेऊन आली.

"अजिबात नाही! पॉलिश उडेल!"

"अहो, आतून कुठे पॉलिश आहे? कोरं लाकूड आहे नुसतं. एवढी वर्षं छातीशी धरलीत, कधी आत डोकावलात का?"

तिने वरचा भाग टॉवेलने झाकला, उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळला आणि थेंब थेंब औषध आत सोडलं. तासाभराने तिन्ही बोटं सुटली. थोडी कातडी आतच राहिली.

"आता खऱ्या अर्थाने तुमची झाली," सुतारकाका म्हणाले.

सहा वाजता तो तीन बोटांना चिकटपट्ट्या लावून मंचावर बसला. किरकिर नव्हती, पण बोटांची आग होत होती. भरधाव वाजवायच्या ठरवलेल्या सगळ्या रचना त्याला निम्म्या गतीने वाजवाव्या लागल्या. एक सूर छेडायचा, वेदना ओसरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटच्या सुरानंतर अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

"काय संयम आहे!" पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले.

"हो ना," बायको म्हणाली. "दुपारपासून आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शिकवणीचे आठही विद्यार्थी वेळेआधी हजर. प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या.

गुरुजींनी सगळ्यांवरून गंभीरपणे नजर फिरवली. मग एकाचा हात हातात घेतला.

"मधली सैल झालीय," ते म्हणाले. "नीट लाव. सुरात फरक पडतो."