आबा परबांचं गाऱ्हाणं

बास्केटबॉलच्या मॅचला नारळ घेऊन येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी आबा परब. पंचांनी शिट्टी तोंडात धरली, की आबा पायांतल्या वहाणा काढून बास्केटच्या खांबापाशी जात, बुडाशी नारळ ठेवत आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घालत.

"बा देवा म्हाराजा, ह्या मैदानाच्या जागेवाल्या म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जो खेळ मांडलेलो आसा, तो तुझ्या नजरेखाली आसा. उजूचो हात सरळ ठेव. तिच्या घोट्याक काय होव नको. बॉल वाकडो गेलो तरी जाळीतच पडान दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" शेजारच्या कॉलेजच्या टीममधल्या पाचही मुली ओरडत. त्यांत एक गुजराती आणि एक कॅथलिक होती, आणि त्या दोघींचाच आवाज सगळ्यांत मोठा. मी मात्र गप्प उभा असे. ऑफिसला जाणारा माणूस मी, ओळखीचं कोणी पाहील ही धास्ती.

कोकणात देवळात, जत्रेत असं गाऱ्हाणं घालतात हे मला माहीत होतं. ते विलेपार्ल्यात, कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावर घातलेलं आबांमुळे पाहायला मिळालं. एका पंचांनी हरकत घेतली होती. आबा त्यांना म्हणाले, "आधी देव, मगे शिट्टी. तुमच्या लग्नात आधी जेवले काय?" शेवटी नारळ कोर्टावर फोडायचा नाही एवढ्यावर तडजोड झाली, कारण आदल्या मॅचला नारळाच्या पाण्यावरून पंचच घसरले होते.

आबा पूर्वी गिरणीत होते. संपात गिरणी गेली, पाठोपाठ खोली गेली, आणि ते आमच्या चाळीत भाच्याकडे राहायला आले. बायको पूर्वीच वारली होती. भाचा आणि भाच्याची बायको सकाळी नोकरीवर जात, ते दिवेलागणीला परत. मधल्या वेळात आबा चाळीमागच्या कॉलेजच्या बुटक्या भिंतीवर बसलेले असत. शनिवारी हाफ डे असला की मीही तिथे जाऊन टेकायचो.

बास्केटबॉलचे नियम त्यांनी शेवटपर्यंत शिकून घेतले नाहीत. जाळीला बूड नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. "इतक्या कष्टान वर टाकलेलो आणि खालसून गळता. ही खयची रीत?" एके दिवशी त्यांनी कॉलेजच्या शिपायाकडून शिडी मिळवली आणि गावाहून आणलेल्या सुंभाने जाळीचं तोंड खालून आवळून टाकलं. संध्याकाळी उजूचा पहिलाच बॉल आत जाऊन तिथेच बसला. खेळ थांबला, शिपाई काठीने बॉल ढोसू लागला आणि आबा समाधानाने म्हणाले, "आता कसो ऱ्हवलो."

ही उजू म्हणजे उज्ज्वला, कॉलेजच्या टीमची कॅप्टन. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. ताडमाड उंच, त्यामुळे रस्त्यातून जाताना खांदे पाडून, पोक काढून चालायची. घरी म्हणे तिची आई स्थळांना तिची उंची दोन बोटं कमी करून सांगे. पण कोर्टावर पाय ठेवला की ही मुलगी सरळ व्हायची. बॉल घेऊन उडी मारली की वर एक क्षण थांबल्यासारखी वाटायची आणि मग अलगद बॉल सोडायची. मला खेळातलं फारसं कळत नाही, पण ते पाहताना हातातला चहा निवून जायचा.

आबा त्या मुलीकडे बोट दाखवत म्हणत, "ता चेडू वर गेल्यावर इचार करता आणि मगे टाकता. आमच्या घराण्यात जमिनीवर ऱ्हवान कोणी इचार करूक नाय."

गाऱ्हाण्याने एकदाच घोटाळा केला. विक्रोळीच्या एका कॉलेजची टीम आली होती. त्या दिवशी आबांना जरा जास्तच जोर चढला आणि ते म्हणाले, "समोरच्यांचो हात भरकटान दे रे म्हाराजा!" आमच्या मुलींच्या बरोबरीने पलीकडूनही एक खणखणीत "होय म्हाराजा!" आलं. ती विक्रोळीची सावंत नावाची मुलगी होती. बिचारी मालवणची. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून होकार जायचाच. तिची कॅप्टन तिच्याकडे बघतच राहिली. पुढे सावंतचे सगळे फ्री थ्रो हुकले, आणि मध्यंतरात ती रडवेली होऊन आबांसमोर उभी राहिली.

"आबा, मागे घ्या ना. माझी वाट लागली."

"घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येना नाय," आबा म्हणाले. पण मुलीचे डोळे पाहून त्यांनी पुन्हा वहाणा काढल्या. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचोय बॉल जाव दे. पण उजूपेक्षा एक कमी." सावंतने मान खाली घालून होय म्हाराजा म्हटलं आणि नंतर खरोखरच बरी खेळली. पुढे ती मॅच नसतानाही पार्ल्याला आली की आबांना भेटून जाई.

मग उजूची शेवटची मॅच आली. इंदूरच्या एका बँकेच्या संघासाठी मुली निवडायला दोन साहेब येणार होते. निवड झाली तर उजूला नोकरी आणि तिथेच राहायला क्वार्टर. नाही झाली तर परीक्षेनंतर घरात पोक काढून स्थळांची वाट बघणं. हे आबांना उजूनेच सांगितलं होतं. त्या आठवड्यात आबा कोणाशी धड बोलले नाहीत.

मी आपला गंमत करायला गेलो. "आबा, उद्या गाऱ्हाणं जरा कच्चं घाला. तिचा नेम थोडा चुकला की पोरगी राहील इथेच."

आबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "देवाक फसवूचा आसता काय रे? तुझ्या हापिसात चलता, थय चलव."

मॅचच्या दिवशी त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या उजूक... इंदूराक..." आणि पुढे शब्दच येईना. नुसते ओठ हलत होते. साहेब घड्याळ पाहू लागले, पंचांनी मात्र शिट्टी तोंडातून काढून हातात धरली. शेवटी आबांनी कसंबसं म्हटलं, "तिका न्हे रे म्हाराजा." मुलींचा आवाजही त्या दिवशी बारीक निघाला.

उजू मात्र अशी खेळली की मॅच संपायच्या आधीच त्या साहेबांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. निवड झाली. मुलींनी तिला उचलायचा प्रयत्न केला, पण ती फारच उंच होती, सगळ्या कोसळल्या. हळूहळू मैदान रिकामं झालं. आबा भिंतीवरून हलेनात.

"चला आबा, घरी."

"उजू येव दे. तिका इचारूचा आसा, आता मी उठू काय."

मला काही कळेना. तेव्हा आबांनी सांगितलं. भाच्याकडे नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. या भिंतीवर टेकले असताना बॉल बाहेर येऊन त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तो परत फेकला. एक उंच मुलगी धावत आली आणि म्हणाली, थँक्यू आबा, उद्या पण इथेच बसा हां, आमचा बॉल सारखा बाहेर जातो.

"त्या दिवशी सकाळपासून माझ्यावांगडा कोण बोलूक नव्हता," आबा म्हणाले. "म्हणान दुसऱ्या दिवशी इलंय. मगे रोज इलंय. तिना 'ऊठ' म्हणान सांगल्यानच नाय."

उजू पिशवी खांद्याला लावून मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला स्वतःला तो दिवस आठवत नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिने ते आबांना कळू दिलं नाही. तिने चपला काढल्या, खांबापाशी जाऊन नारळ सरळ केला आणि तीन वर्षांत कानावर पडलेल्या मोडक्यातोडक्या मालवणीत म्हणाली, "बा देवा म्हाराजा, ह्या जागेवाल्या म्हाराजा. आमचे आबा उद्या पण हयच बसतले. त्यांच्याशी रोज कोणीतरी बोलू दे रे म्हाराजा."

होकार द्यायला मैदानात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"होय म्हाराजा," मी म्हणालो.