दर्याधर विहिरीत लटकला तेव्हा

आमचे शेजारी गवाणकर दार लावताना आधी तोंडानं "धाड्" म्हणतात आणि मग दार लावतात. चहात बिस्कीट पडलं की "डुबुक". शिंक यायच्या आधी "फटॅक" म्हणून थांबतात. बऱ्याचदा मग शिंक येतच नाही.

माणसाचा धंदाच तसा. गवाणकर मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढतात. लिहिणारे तेच, चित्रं काढणारेही तेच. वालीवच्या छापखान्यातून गठ्ठे घरी यायचे आणि मुंबईचा वितरक ते घेऊन जायचा. लग्नाचं विचारलं की म्हणतात, "पुढच्या चौकटीत बघू." तोवर साठी उलटली.

लॉकडाऊन लागला तेव्हा त्यांचा नायक दर्याधर विहिरीत लटकत होता. उंदरानं दोर कुरतडायला घेतला होता आणि खाली "क्रमशः". सुटकेचा अंक छापून घरात येऊन पडलेला, पण वितरक फोनवर म्हणाला, "सगळं उघडू दे, मग नेतो."

"अहो, माणूस लटकलाय."

"कोण माणूस?"

गवाणकरांनी फोन ठेवला. म्हणाले, "याच्या भरवशावर दर्याधरला ठेवण्यात अर्थ नाही."

तेव्हा आमच्या वसईतल्या माणिकपूरच्या सोसायटीपाशी एकच गाडी यायची, सांडोरच्या डॉमनिकचा भाजीचा टेम्पो. दुसऱ्या दिवशी गवाणकर मास्क लावून खाली उतरले.

"डॉमनिक, वांग्यांबरोबर हेही विकशील?"

"काका, वांगी उरली तर आमी घरी खातो. याचं काय करनार?"

"वाच."

डॉमनिकनं अंक चाळला आणि विहिरीपाशी थांबला. "हा वाचतो काय?"

"विकलास तर वाचेल."

गठ्ठा दुधीच्या टोपलीवर बसला आणि मालावर लक्ष ठेवायला खुद्द गवाणकर डॉमनिकशेजारी. भोंग्यातून आवाज येऊ लागला, "भेंडी, गवार, दर्याधर." आमच्या वरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "दर्याधर कसा किलो?"

पुढे सगळं उघडलं. जुना वितरक मिठाई घेऊन स्वतः आला. "झालं गेलं विसरा. टेम्पोतून असे किती खपणार?"

"कमीच खपतात," गवाणकरांनी मान्य केलं, त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून वाटेला लावलं.

मला राहवलं नाही. "अहो, तो गावोगाव पोचवायचा. डॉमनिक फार तर वसईभर फिरणार."

गवाणकर म्हणाले, "परवा एका फाटकाशी एक मुलगी अंक घेऊन तिथंच वाचत उभी राहिली. हातातली कोथिंबीर खाली पडली, तरी तिला पत्ता नाही. एका पानावर ती हसली."

"कुठल्या?"

"लांबून दिसलं नाही. पण हसली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "इतकी वर्षं मासिक काढतोय. आजवर कुणाला वाचताना बघितलंच नव्हतं हो."