दाढेची रजा

बर्फाच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरची दाढ गुरुवारी दुखणार, हे त्याने सोमवारीच ठरवून टाकलं होतं. गुरुवारी सकाळी ओहोटी होती, वारा पडलेला असणार होता, आणि धक्क्यापलीकडे बुडालेल्या पडावाखाली राहणारी लालभडक तांबोशी मासळी अशा वेळी हमखास बाहेर पडते, हे त्याला तांबोशीपेक्षा जास्त ठाऊक होतं. सगळं बेट त्याला 'पाणकावळा' म्हणायचं. एका दमात तो इतका वेळ पाण्याखाली राही, की पहिल्यांदा पाहणारा माणूस काठावरचे त्याचे कपडे कुणाकडे पोहोचवायचे याचा विचार करू लागे. खोल बुडी मारायची आणि भाल्याने मासा टिपायचा, याखेरीज त्याला दुसरं व्यसन नव्हतं. हे एकच दहांना पुरून उरतं, असं त्याची बायको म्हणे.

अडचण होती ती साहेबांची. कारखान्याच्या या मॅनेजरांना बेटावर येऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांच्या बुटाला ओली वाळू लागलेली कुणी पाहिली नव्हती. समुद्राचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पाणकावळा कामाच्या वेळेत ओल्या केसांनी दोनदा सापडला, तेव्हा साहेबांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा सापडलात तर मुख्य कार्यालयात बदली. मुख्य कार्यालय दूरच्या एका शहरात होतं, जिथे पाणी फक्त नळाला दिसे आणि तेही दिवसाआड. खोल पाण्यात ज्याचा श्वास कधी कोंडला नाही, त्या पाणकावळ्याला या शहराच्या नुसत्या नावाने धाप लागायची.

आतापर्यंत त्याला तारलं होतं ते त्याच्या मोजणीने. बर्फाच्या लाद्या मोजताना तो प्रत्येक लादीवर बोटाच्या पेराने टकटक करत जाई आणि शेवटच्या लादीवर दोनदा वाजवी. त्याच्या मोजणीत कधी एक लादी इकडची तिकडे झाली नव्हती.

"दाढ कुठली सांगू?" गुरुवारी सकाळी बायकोने फोन हातात घेत विचारलं.

"खालची. उजवी."

"काल जेवताना उजवीकडूनच चावत होतात."

"साहेब काय माझ्या पंगतीला होते?"

बायकोने फोन करून दाढ सांगितली. पलीकडून शिपाई म्हणाला, की साहेब स्वतःच आज नाहीत, दिवसभर बाहेर तपासणीला गेलेत. म्हणजे दाढेची गरजसुद्धा नव्हती. पाणकावळ्याला उगाच एक दाढ वाया गेल्यासारखं वाटलं, आणि तो सायकलवर टांग मारून धक्क्याकडे निघाला.

तांबोशी वेळेवर आली. पाणकावळ्याने बुडी मारली, पडावाच्या फळीआड दबा धरला आणि नेम साधून भाला सोडला. भाला शेपटीपाशी घुसला. आपल्याला मारण्यात आलं आहे हे काही तांबोशीने मनावर घेतलं नाही. ती भाल्यासकट पळाली आणि पाणकावळा तिच्यामागे. पाठलागाच्या भरात ओहोटीच्या ओढीने त्याला कधी टेकडीच्या टोकापलीकडे नेलं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. वर येऊन पाहतो तो धक्का दिसेनासा झालेला, मासा गायब, आणि समोर हॉटेलचा किनारा. कपडे, डबा आणि सायकल टेकडीच्या पलीकडे. अंगावर फक्त चड्डी, डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि पायांत रबरी पंख.

किनाऱ्यावर हॉटेलच्या मॅनेजरबाई घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होत्या. पाण्यातले मासे दाखवण्याचा वर्ग होता, दहाबारा पाहुणे मास्क घेऊन रांगेत उभे होते आणि शिकवणारा नवा माणूस यायचाच होता. समुद्रातून पंख लावून एक जण चालत येताना दिसताच बाईंचा जीव भांड्यात पडला.

"किती उशीर," त्या म्हणाल्या. "पण आलात ते अगदी शोभेल असे आलात. करा सुरू."

पाणकावळा खुलासा करायला तोंडातली नळी काढणार, एवढ्यात त्याची नजर रांगेच्या टोकाला गेली. तिथे, फुलाफुलांच्या चड्डीत, पोट आत ओढून, साहेब उभे होते.

त्याने नळी पुन्हा तोंडात कोंबली. ताबडतोब सगळ्या रांगेने आपापल्या नळ्या तोंडात घातल्या. पहिला धडा झाला होता.

आता मास्क काढायची सोय नव्हती आणि बोलायची तर नाहीच नाही. साहेबांच्या डोळ्यांवर चष्मा नाही आणि चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची सही दिसत नाही, एवढाच काय तो दिलासा. पळून जावं तर पायांत पंख. पाणकावळा सुटकेची वाट शोधत उलट पावलांनी मागे सरकू लागला, तर सगळी रांग पाठमोरी होऊन मागे सरकू लागली. त्याने मान खाजवली, सगळ्यांनी खाजवली. उन्हात मास्कची काच धुरकटली आणि वळताना तो थेट मोठ्या छत्रीच्या दांड्यावर आपटला. मंडळी एकेक करून त्या दांड्याला डोकं टेकवून आली. शिक्षक शब्दाने बोलत नाही, सगळं करून दाखवतो, असं मॅनेजरबाई कौतुकाने कुणालातरी सांगत होत्या.

शेवटी त्याने ठरवलं, की लवकर पाण्यात शिरावं आणि लवकर मोकळं व्हावं. पाण्यात तरी आपण राजे आहोत. आत नेण्यापूर्वी त्याने सवयीप्रमाणे माणसं मोजली. एकेकाच्या खांद्यावर पेराने टकटक करत गेला आणि शेवटच्या खांद्यावर दोनदा वाजवून वळला. पाणी अंगाला लागताच त्याची भीती गेली. कुणाची नळी तिरकी होती, कुणाचा मास्क केसांत अडकला होता. त्याने सगळं हाताने नीट केलं आणि एकेकाला पालथं तरंगत ठेवून दिलं.

साहेब मात्र गुडघाभर पाण्यात खांबासारखे उभे होते. जवळ गेल्यावर त्याला दिसलं, की त्यांचे पाय थरथर कापतायत. चार वर्षांच्या त्या आठ्या रागाच्या नव्हत्याच. साहेबांना समुद्राची भीती वाटत होती, आणि ती कुणाला कळू नये म्हणून ते सगळ्या समुद्रावर डाफरत होते. पाणकावळ्याला एकदम त्यांचं फार वाईट वाटलं. त्याने हात पुढे केला. साहेब बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो धरला तो असा धरला, की हाडं वाजली.

दोघे हळूहळू खडकांवरून तरंगू लागले. मास्कमधून सगळं जरा मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे साहेबांना चष्म्याची आठवण राहिली नाही. पिवळे मासे आले, निळे आले. साहेब नळीतून 'हू हू' करत होते आणि ते हसतायत हे पाणकावळ्याला हातातूनच कळत होतं. तेवढ्यात खडकाआडून, त्याचाच भाला शेपटीशी मिरवत, ती तांबोशी निघाली. इतक्या जवळून गेली, की नुसता हात लांबवला असता तर भाला हाती आला असता. पण तो हात साहेबांच्या मुठीत होता. सोडवून घेतला असता तर साहेब तिथल्या तिथे बुडाले असते, पाण्याने नाही तर भीतीने. पाणकावळ्याने तांबोशी जाऊ दिली. असं त्याने जन्मात केलं नव्हतं.

वर्ग संपला. त्याने काठावर पुन्हा टकटक करत माणसं मोजली. मॅनेजरबाई म्हणाल्या, की पाहुण्यांना सोडायला गाडी निघते आहे, तिच्यातूनच चला. साहेब गाडीकडेच चालले होते. पाणकावळ्याने नम्रपणे मान हलवली, वळला, आणि भरती लागली होती तिच्याबरोबर समुद्रातूनच घरी निघाला. काठावर टाळ्या वाजल्या.

दार उघडल्यावर बायको त्याच्या हातांकडे नाही, तोंडाकडे पाहत राहिली. "मासा कुठंय ते नंतर विचारते. आधी हे काय झालंय?"

त्याने आरशात पाहिलं. दिवसभराच्या उन्हाने सगळा चेहरा लाल झाला होता, आणि डोळे, नाक आणि अर्ध्या कपाळावर मास्कएवढा गोरापान ठसा उमटला होता. तो पावडरने जाईना आणि साबणानेही जाईना. शेवटी शुक्रवारी सकाळी बायकोने दाढेसाठी म्हणून जबड्याला बांधायला घेतलेलं बँडेज तसंच वर नेलं आणि कपाळ, नाक, गाल असं सगळं गुंडाळून फक्त बघायला दोन भोकं ठेवली.

कारखान्यात पोचताच साहेबांनी केबिनमध्ये बोलावल्याचा निरोप आला. आत साहेब चेहऱ्यासमोर फाइल धरून बसले होते.

"दाढ कशी आहे?"

"काढली, साहेब."

"कपाळातून?"

साहेबांनी फाइल खाली केली. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल होता आणि मधोमध गोरापान, मास्कएवढा ठसा होता.

"तपासणीला ऊन फार होतं," साहेब म्हणाले.

"हो साहेब. दवाखान्यातही फार होतं."

मग साहेब म्हणाले, "लाद्या मोजता तशी माणसं मोजलीत. शेवटच्याला दोनदा वाजवलंत. शेवटचा मी होतो."

पाणकावळ्याच्या डोळ्यांपुढे दिवसाआड पाणी येणारं शहर उभं राहिलं. "मग तेव्हाच का नाही बोललात, साहेब?"

"तोंडात नळी होती." साहेबांनी आवाज खाली आणला. "त्या वर्गात मी याआधी तीनदा नाव घातलंय. तीनदा गुडघाभर पाण्यातून परत आलोय. काल तुम्ही टकटक केलीत तेव्हा मनात आलं, या माणसाची कधी एक लादी कमी आली नाही. हा जितके आत नेईल तितके बाहेर आणेल. म्हणून हात धरला."

पाणकावळ्याने बँडेज डोळ्यांवर ओढून घेतलं. बँडेज होतं म्हणून बरं झालं.

"बदलीचं काय, साहेब?"

"ते राहू द्या." साहेबांनी फाइल पुन्हा चेहऱ्यासमोर धरली. "पुढच्या गुरुवारी माझी दाढ दुखणार आहे. खालची, डावी. तुम्हाला सोबत यावं लागेल."

"येईन, साहेब."

तो दारापर्यंत गेला, तेव्हा फाइलमागून आवाज आला.

"तो भालेवाला मासा पुन्हा दिसेल का हो?"

"तुम्ही एका मिनिटासाठी हात सोडलात तर पकडूनच दाखवतो, साहेब," पाणकावळा म्हणाला. "भाला माझा आहे."