इराप्पाण्णांची अळंबी

आमच्या कॉलनीतली माणसं सकाळी फॉरेस्टच्या पायवाटेवर चालायला जातात. इराप्पाण्णा तिथं रांगायला जातात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. धावत गेलो, तर हे बाभळीच्या बुंध्याशी नाक लावून पालथे. मी शाळामास्तर, त्यामुळं कॉलनीत सगळ्यांचा सर. मान न वळवता अण्णा म्हणाले, "सर, तुमची सावली पडतीया. जरा बाजूला व्हा की." बुंध्यावर करंगळीएवढी एक अळंबी उगवली होती.

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्त झाले आणि अळंब्यांच्या मागं लागले. सोलापुरात पाऊस तो केवढा, पण दोन सरी पडल्या की पहाटे पिशवीत भिंग, चाकू आणि जुनी वर्तमानपत्रं घालून हजर. अळंबी दिसली की आधी वास, मग देठ, मग टोपीखालच्या पाकळ्या. शेवटी टोपी घरी नेऊन कागदावर पालथी घालायची आणि वर वाटी झाकायची. काही तासांनी खाली बारीक भुकटी पडते. तिच्या रंगावरून जात ओळखायला मदत होते. तोवर कुणी काही विचारलं तर उत्तर एकच, "गडबड नको."

मला मात्र गडबड होती. भाद्रपदात एका सकाळी गवतात पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचं आख्खं रिंगणच सापडलं. बशीएवढी एकेक टोपी! अण्णा लहान मुलासारखे रिंगणाभोवती फिरले, एकच छत्री उपटून घेतली आणि वाटी झाकायला घरी पळाले. मी इकडं तिकडं पाहिलं आणि सहा छत्र्या रुमालात बांधल्या. बाजारात मिळतात त्यांचीच थोरली बहीण, असा माझा अंदाज.

संध्याकाळी माझ्या बायकोनं, मीनानं, कांदा परतला, अळंबी टाकली. घरभर वास सुटला. मी ताट घेऊन बसलो, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बनियनवर अण्णा, हातात कागद, धाप लागलेली.

"वैनी, आधी गॅस बंद करा."

मीनानं घाबरून बंद केला. कागदावर हिरवट भुकटीचा गोल उमटला होता. हिरवी भुकटी म्हणजे विषारी. पोटात गेली तर रात्रभर उलट्या, असं त्यांनी सांगितलं. दिवस कलताना भुकटी बघून ते पुन्हा त्या रिंगणाकडं गेले होते. तिथं छत्र्या उपटल्याच्या सात खुणा दिसल्या, आणि त्यांनी तर एकच उपटली होती. सकाळी बरोबर कोण होतं, हे शोधायला त्यांना भिंग लागलं नाही. पायवाटेवरून ते थेट आमच्या दारात आले होते. रागावले नाहीत. कढई उचलून मागं खड्ड्यात रिकामी केली, वर माती लोटली आणि चहाही न घेता गेले.

माफी मागायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीत त्यांच्या पत्नी, महादेवी अक्का, बसल्या होत्या. हल्ली त्यांना काही आठवत नाही, हे मला तिथं कळलं. अण्णांनी ताज्या अळंब्या त्यांच्या ओंजळीत ठेवल्या. अक्कांनी वास घेतला, देठ चोळून पाहिला आणि चेहरा उजळला.

"अणबे," त्यांनी कानडीत अळंबीचं नाव घेतलं. मग मराठीत, "वारुळावरची हाय. मिरची घालून परता."

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू परीक्षेत त्यांचाच पहिला नंबर आला. हळूच म्हणाले, "समदं हिनंच शिकवलं मला. माहेरी रानातच वाढली. आता पोरांची नावं इसरली, पर ह्ये हाय अजून. म्हणून रोज नवी शोधतो."

ते अळंब्या घेऊन आत निघाले, तशी अक्कांनी त्यांना परक्या माणसाला थांबवावं तसं थांबवलं.

"अहो, समदी संपवू नका. आमचे मालक यायचेत. त्यांना लई आवडती."

"व्हय," अण्णा म्हणाले. "ठेवतो की."

स्वयंपाकघरातून परतल्याचा वास आला. थोड्या वेळानं ते बाहेर आले, एक वाटी अक्कांच्या हातात दिली आणि दुसरी त्यांना दिसेल अशी टेबलावर झाकून ठेवली.